चार बोटं पुढची रेघ

अप्पा, मागच्या आठवड्यात मी कलबुर्गीत कान तपासून घेतले. काचेच्या खोलीत बसवलं, हेडफोन लावले आन हातात एक बटन दिलं. आवाज आला की दाबायचं. उजव्या कानाला पटापटा दाबत गेले. डाव्याची बारी आली तवा बसूनच राहिले, मला वाटलं मशीन अजून चालूच व्हायची हाय. काचेपल्याडची बाई माझ्याकडं बघून कागदावर लिहायली, तवा कळलं की ती कवाची आवाज सोडायलीय. मंग तिनं ग्राफ दाखवला. वरच्या सुरातल्या बारीक आवाजाच्या बाजूला रेघ पार खाली कोसळलेली. "किती वर्षं ड्रम वाजवायलीस?" सात. "कानात काय घालतीस?" काहीच न्हाई. "घरात कुणाला होतं का असं?" मी म्हणले, वडलांना होतं, पण ते लई भारी वाजवायचे. तिनं ते काही लिहून घेतलं न्हाई.

डाव्या कानात शिट्टी हाय. एकच सूर, जुना टीव्ही चालू केल्यावर यायचा तसला, कवाच बंद होत न्हाई. तुम्ही म्हणायचात, "माझ्या कानात रातकिडा भाड्यानं राहतोय, आन खोली सोडंना." आई म्हणायची, "त्याचं ऐकू येतंय, माझंच तेवढं न्हाई." मोटार रिवाइंडिंगच्या तुमच्या दुकानात दुपारी रेडिओ दोन स्टेशनांच्या मधी लावून ठेवायचात, नुसती खरखर. गिऱ्हाईक हसायचं. तुम्ही म्हणायचात, ह्या खरखरीत किडा लपतोय. खरं सांगू का, कॉलेजच्या पहिल्या मोठ्या शोनंतर मला शिट्टी ऐकू आली तवा बाकीचे घाबरले असते, मी खूष झाले. ड्रम सेटची झांज डाव्या बाजूला, कानाजवळ, तुमच्यासारखीच. डावाच कान. मला वाटलं, चला, अप्पाची एक तरी वस्तू मला मिळाली जी त्याला न्हाई मिळाली.

तो म्हंजे तुमचा शिष्य. मागच्या गल्लीतल्या किराणा दुकानदाराचा पोरगा. घरात कन्नड, आमच्यात आला की मराठी, तुम्हाला मास्तर म्हणायचा, आईला अक्का आन मला 'ए बारकी'. तो अठरा वर्षांचा, मी बारा. तुम्ही तरुणपणी जयंतीच्या मिरवणुकीत ढोल वाजवलात, मंग हैदराबादला जाऊन हॉटेलातल्या रॉक बँडमधी दहा वर्षं ड्रम बडवलात, आन डावा कान तिकडंच ठिवून बीदरला आलात. हे मी सगळ्यांना सांगती, माझ्या बँडच्या पोरांना तर पाठ झालंय. पण तुम्ही शेडमधी ड्रम सेट मांडलात, शिकवलात, ते त्याला. मला म्हणायचात, "भाईर बस. अभ्यास कर. इंग्लिश मीडियममधी घातलंय ते कामून?" मी भाईर बसायची. शेडच्या पत्र्याला पाठ लावून. वरचे पत्रे थरथरायचे आन तो थरथराट पाठीतून दातात यायचा. पुस्तक उलटं धरलंय हे मला कधीकधी पान संपल्यावर कळायचं. आन जेवायला बसलो की तो तुमच्या उजव्या बाजूला, चांगल्या कानाकडं. मी डावीकडं. मी शाळेतलं काही सांगायची आन तुम्ही भाकरी मोडत राहायचात.

सगळ्यात जास्त जळायची ते भिंतीमुळं. शेडची एक बाजू पक्की, चुना लावलेली. तिथं कानाच्या उंचीवर तुम्ही एक खिळा ठोकला होतात. दर सहा महिन्याला त्याला स्टुलावर बसवून कान खिळ्याला टेकवायला लावायचात, डोळे बंद, आन मनगटावरचं चावीचं घड्याळ काढून भिंतीला धरून हळूहळू लांब न्यायचात. टिकटिक ऐकू येईना की तो म्हणायचा, "साकु, मास्तर." पुरं. तिथं कोळशानं उभी रेघ. तुम्ही म्हणायचात, "कान गेलेला माणसाला कळत न्हाई, भिंतीला कळतंय. रेघ खिळ्याकडं सरकली की वाजवणं बंद. माझ्या टायमाला असं कुणी मोजलं असतं तर!" दोन वर्षांत त्याची रेघ जागची हलली न्हाई. तुम्ही त्याच रेघेवरून कोळसा फिरवायचात आन त्याच्या कानावर टिचकी मारायचात. फटीतून मी बघायची. माझा कान तुम्ही कधी मोजला न्हाई, अप्पा. एकदा मी म्हणले, माझाबी मोजा की. तुम्ही म्हणलात, "तुझ्या कानाला काय धाड भरलीय? तू कुठं वाजवायलीस?"

मी कुठं वाजवायलेय! मंग एका रविवारी तुम्ही दोघं मोटार बसवायला आपल्या जिल्ह्यातल्या मेहकरला गेल्यावर मी शेडमधी गेले. ओल्या फडक्यानं त्याची रेघ पुसली, बोटानं चुना सारखा केला, आन चुलीतला कोळसा घेऊन खिळ्यापासून आणखी चार बोटं पुढं नवी रेघ ओढली. तुमच्यासारखीच, वर जाड, खाली बारीक. मला एवढंच वाटायलं होतं की पुढच्या मापाला त्याचा कान कमी भरावा, तुम्ही त्याला पंधरा दिवस घरी बसवावं, आन त्या पंधरा दिवसांत शेड मोकळी राहावी. मोकळ्या शेडमधी तुम्हाला मी दिसले असते. बारा वर्षांच्या डोक्याचा हिशोब होता तो, पुढचं काही त्यात न्हवतं.

मापाच्या दिवशी मी पत्र्याला डोळा लावून उभी. तो जुन्याच जागी "साकु" म्हणला. तुम्ही रेघेकडं बघितलात. परत मोजलात. घड्याळाला चावी दिलीत, परत मोजलात. "नीट ऐक रे." "ऐकायलोय मास्तर, न्हाई येत." तुम्ही भिंतीवर जरासुद्धा शंका घेतली न्हाईत. खाली पायरीवर बसलात आन म्हणलात, "ह्या पत्र्याखाली बसवून मी पोराचा कान खाल्ला." तो म्हणायला, "मास्तर, मला सगळं येतंय ऐकू, आई शप्पथ." तुम्ही म्हणलात, "मीबी हेच म्हणायचो." त्याच आठवड्यात ड्रम सेट हैदराबादच्या बसच्या टपावर चढला. शेडला कुलूप लागलं. पंधरा दिवस न्हाई, कायमचं. जेवताना तुमची उजवी बाजू रिकामी झाली आन मी तिथं जाऊन बसले. तुम्ही बोलायचंच सोडलं होतात. मला तवाच सांगता आलं असतं. दीड वर्ष होतं माझ्याकडं. रोज वाटायचं उद्या, आन एका सकाळी दुकान उघडता उघडता तुमची छाती भरून आली आन तुम्ही गेलात.

हे आज लिहायलेय कारण आईला शेड नीट करायचीय. वरचे पत्रे बदलायचे, भिंतीला चुना मारायचा आन तिथं पापड-शेवयाचं मशीन टाकायचं. आन पत्र्याचं दुकान आता कुणाचं हाय? त्याचंच. परवा तो माप घ्यायला आला. पोट सुटलंय, केस गेलेत, पण मला अजून बारकीच म्हणतो. आल्या आल्या दारातच थांबला. "अक्का, शेजारच्या बोअरच्या मोटारचं बेअरिंग गेलंय. जळंल दोन दिवसात, सांगा त्यांना." आई म्हणली, "व्हय का, मला तर नुसती गूंगूं ऐकू येतीय." मला ती गूंगूंबी नीट येत न्हवती, शिट्टीच येत होती. तुम्ही असंच दुकानात बसून रस्त्यापल्याडच्या मोटारीचा रोग सांगायचात. तुमचा कान त्याच्या डोक्याला लावून कुणीतरी फिरवायलंय असं वाटलं मला.

मंग तो भिंतीपाशी गेला. खिळा गंजलाय, रेघ हाय. तो त्या रेघेवर बोट ठेवून म्हणला, "बारकी, एवढ्या चार बोटांसाठी मास्तरनी आपला सेट विकला. माझ्या बापानं माझ्यासाठी एक सिगरेट सोडली न्हाई." मी म्हणले, "तू परत कधी वाजवलंस न्हाई?" "न्हाई की. माझे कान कच्चे. मास्तरनी वाचवलेत ते, परत कसे घालवू? गणपतीत पोरं बोलावतात, मी लांब उभारतो." असं म्हणून त्यानं जुन्या पत्र्यावर दोन बोटांनी ठेका धरला. नुसती दोन बोटं, अप्पा. तेरा वर्षं हात लावला न्हाई त्यानं. मी रोज दोन तास बसती, मेट्रोनोम लावून, आन माझा हात असा पडत न्हाई. आई चहा घेऊन येता येता थांबली. "अगं, अगदी ह्यांच्यावानी." आन मला म्हणली, "तू बी वाजवतीस की, दाखव त्याला." मी म्हणले, माझं मनगट दुखायलंय.

बघा कसं झालं. तुमचा सगळ्यात मोठा त्याग त्याला मिळाला, आन तो मी माझ्या हातानं, कोळशानं त्याला दिला. मी रेघ हलवली नसती तर तुम्ही त्याला आणखी एखादं वर्ष शिकवलं असतंत, मंग तो दुकानात लागला असता, तुम्हाला थोडाथोडा विसरला असता. आता तो जन्मभर विसरणार न्हाई. आन मला शेडभाईर कामून ठेवलात तेबी त्या काचेच्या खोलीत ग्राफ बघताना कळलं. कळलं, पण गेलं न्हाई. कान वाचवायला तुम्ही मला दूर ठेवलात आन त्याला जवळ घेऊन मोजलात. मला मोजलेलं पाहिजे होतं.

त्याला सांगायला पाहिजे. एक वाक्य हाय: तुझा कान धडधाकट होता, रेघ मी हलवली. तुम्ही बिनकारणी शेड बंद केलीत हे ऐकून त्याला वाईट वाटंल म्हणून गप हाय, असं मी आदी ह्या पत्रात लिहिलं होतं. ते खोडलं. त्याला वाईट वाटंल हे खरं हाय, पण मी त्याच्यासाठी गप न्हाई. कान धड हायत हे कळलं तर तो संध्याकाळपर्यंत कुणाचातरी सेट मागून आणंल आन बसंल. एका महिन्यात माझ्या पुढं जाईल. माझ्या बँडची पोरं त्याला ऐकतील. आन त्यांना अजून माझ्या डाव्या कानाचं मी सांगितलेलंच न्हाई.

आज सकाळी आईनं चुना कालवला. मला हाक मारून म्हणली, "ती रेघ ठेवायची म्हणत होता तो. ठेवू का मारू चुना?" मी म्हणले, ठेव. मंग ती डबा धुवायला गेली तवा मी तुमचं घड्याळ आणलं, चावी दिली, स्टुलावर बसून डावा कान खिळ्याला टेकवला. स्वतःच स्वतःचं मोजायचं म्हणजे हात पुरणार न्हाई असं वाटलं होतं. पुरला. एक वीतसुद्धा झाली न्हाई आन टिकटिक शिट्टीत बुडाली. तिथं मी कोळशानं रेघ ओढली. थोडा वेळ बघितली. तिकडं त्याची लांब, इकडं माझी खिळ्याला चिकटलेली.

आई आली आन म्हणली, "ही दुसरी कुणाची गं?" मी म्हणले, "माझी." ती म्हणली, "चांगली हाय की." तिला पुसलेल्या चुन्यावरचा ओला डाग दिसला न्हाई. हे पत्र मी घड्याळाच्या डबीत ठेवायलेय, अप्पा, पण एवढं लिहिती: तिनं बघायच्या आदी मी ती रेघ पुसून चार बोटं पुढं ओढली होती.