डिस्कचं बाहेरचं कडं

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥
सोलापूर, ५ मार्च २००८

चि. गुरुशांत यास अ. उ. आ.

आता घाबरू नकोस, हे आधी लिहिते. अव्वाच्या डोक्यातली गाठ वाढलेली नाही. डॉक्टरांनी डिस्क त्यांच्या जुन्या कॉम्प्युटरवर लावली, गेल्या वर्षीच्या फिल्मशी ताडून पाहिली आणि म्हणाले, तसूभरही फरक नाही. सोमवारचं ऑपरेशन रद्द. कागदी रिपोर्ट तेवढा यायचा आहे. तू दिवाळीत बसवून दिलेल्या डिस्क लिहायच्या यंत्रावर नवा स्कॅन मी तुमच्याच कंपनीच्या डिस्कवर, जुन्या स्कॅनच्या पुढे उतरवला होता. भावाचा माल म्हणून दवाखान्यात जरा मिरवलंही.

अव्वा आईच्या हक्कानं माझ्या आमटीला नावं ठेवते, म्हणजे बरी आहे. उद्या तिला घेऊन जेऊरला मामांकडे जाते. तिथं फोन लागत नाही. वेळेवर जेव आणि आमच्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी अक्का, रुद्राणी

पुणे, ७ मार्च

ती. अक्कास सा. न. वि. वि.

पत्र वाचून लगेच लिहायला बसलो. मामांचा युवराज उद्या जेऊरला येतोय, त्याच्या हाती हे देतो. आमच्या डिस्कला बाहेरच्या कडेला जास्तीची जागा असते. ती फक्त आमचंच यंत्र वाचतं. जुन्या कॉम्प्युटरला आतलं नेहमीचं तेवढं दिसतं, आणि तो तक्रार न करता तेवढंच दाखवतो. याचीच आम्ही फुशारकी मारत होतो. आतली जागा मी जुना स्कॅन आणि तुझ्या लग्नाचे फोटो टाकून भरली होती. म्हणजे नवा स्कॅन कडेला गेला. डॉक्टरांनी गेल्या वर्षीची गाठ गेल्या वर्षीच्याच गाठीशी ताडली, अक्का.

स्कॅनवाल्यांची मूळ डिस्क घेऊन लगेच परत जा. अव्वाला काही बोलू नकोस, रिपोर्ट राहिलाय म्हण. मला फार भीती वाटते. चूक पोटात घालून जवळ ठेवावं, ही विनंती.

तुझा गुरू

सोलापूर, ११ मार्च

चि. गुरूस अव्वाचे आशीर्वाद.

युवराजनं तुजं पत्र माज्याच हातात दिलं. मी वाचलं, भाताच्या शितानं चिकटवून अक्काला दिलं. मग ती रिपोर्ट राहिलाय म्हणत मला हितं घेऊन आली. बिचारी लई मन लावून खोटं बोलत हुती.

गाठ दुप्पट झालीय. शनिवारी ऑपरेशन हाय. डॉक्टर अक्काशी दाराआड बोलले, मी ऐकलं.

मला लई भ्या वाटतंय, गुरू. तुमी दोगं मला झेपंल तेवढंच दावता, आन् मी बी तेवढंच दिसल्यागत करते. आता न्हाय जमत. शनिवारच्या आत ये, माज्यापाशी बस आन् समदं सांग. ऐकून मी रडले तर उठून जाऊ नगंस.

वाट बगणारी तुमची आई,
पार्वतम्मा