लांडग्यांच्या नावावर काही नाही

मी, खाली सही करणारी, वय सत्तरच्या आसपास, धंदा सोफे-खुर्च्यांना गाद्या बसवण्याचा, आज पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाखाली नसताना ही माझी अखेरची इच्छा लिहून ठेवत आहे. शुद्धीत असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला. देताना त्यांनी माझे दातही पाहिले. माझे दात सगळेच पाहतात.

१. मला रानातून आणून वाढवणारे प्राध्यापक, म्हणजे बाबा, यांच्या पुस्तकात मला लांडग्यांनी सांभाळले असे छापले आहे. मला कोल्ह्यांनी सांभाळले. बोलता येऊ लागल्यावर मी पहिल्यांदा तेच सांगितले. बाबा म्हणाले, "अगं, कोल्हा म्हटलं की लोक हसतात. लांडगा म्हटलं की सावरून बसतात." मग ध्वनिमुद्रिका लावून त्यांनी मला लांडग्यासारखे ओरडायला शिकवले. माझे लग्नाचे वय उलटेपर्यंत मी सभागृहांतून ओरडत होते. आई पडद्यामागे कोमट पाणी घेऊन उभी असे. ते पाणी कधी गार झाले नाही.

पुस्तकाच्या उरलेल्या प्रती बाबांच्या विद्यापीठाला द्याव्यात. जागा नाही म्हणाले तर रद्दीवाल्याला द्याव्यात. तो जागा करतो.

२. हातोडी, दाभणे, मोठी कात्री आणि दुकानातला माझा हिस्सा माझ्या भागीदारणीला. तिने मला एकदाही ओरडून दाखव म्हटले नाही. काथ्या नीट भर एवढेच म्हणाली, तेही रोज.

३. लहानपणी चार पायांवर चालून घट्टे पडलेले माझे गुडघे संग्रहालयाने मागितले आहेत. नाही.

४. बाबांच्या मुलाला, म्हणजे माझ्या भावाला, बैठकीतला सोफा. त्यावरच बसून तो म्हणाला, "ताई, तुझ्या घरामागची झुडपांची जागा स्मारक समितीला देऊन टाक. मधे तुझा पुतळा, शेजारी लांडगीण, पुढे कारंजं."

"तिथे कोल्ह्यांची बिळं आहेत," मी म्हणाले. "या साली पिल्लंही झालीत."

"म्हणूनच म्हणतो. आधी सगळं साफ करून घेऊ."

सोफा त्याचा. जागा नाही.

५. आता घर आणि ती जागा. दोन्ही मी स्वतःच्या कमाईतून घेतली आहेत. भावाच्या तीन मुलांपैकी थोरल्या भाचीला दिली तर ती कुंपण घालील. मधलीला दिली तर फलक लावून शाळांच्या सहली आणील. दोघी कामाच्या वाघिणी आहेत, भीती त्याचीच आहे.

म्हणून दोन्ही मी धाकट्या भाच्याला देत आहे. त्याने आजवर हाती घेतलेले एकही काम तडीस नेलेले नाही. माझा गळका नळ बदलायला तो मागच्या हिवाळ्यात आला होता. नळ गळतो आहे, पाना तिथेच आहे.

अट एकच. मागच्या जागेत त्याने काहीही करू नये. गवत कापू नये, दिवा लावू नये, पिल्लांना दूध ठेवू नये. कोणाला प्राण्यांचा कळवळा आला तर त्याला चहा पाजून वाटेला लावावे. अट मोडल्यास सर्व मालमत्ता बहिणींकडे जाईल आणि त्या त्याला कामाला लावतील.

ही अट मी त्याला समोर बसवून वाचून दाखवली.

"म्हणजे आत्या, मी काहीच करायचं नाही?"

"काहीच नाही."

"कधीपर्यंत?"

"जन्मभर."

त्याने बराच विचार केला. "जमेल," म्हणाला.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला आणि साक्षीदारांसमोर सही केली.

ठिकाण: माझ्या घराची मागची खोली
तारीख: दुकानाच्या सुट्टीचा सोमवार, पिल्ले बाहेर येऊ लागल्यानंतरचा दुसरा

लिहून ठेवणारी: (सही)
साक्षीदार १: डॉक्टर (सही)
साक्षीदार २: शेजारचे घड्याळवाले (सही)
वारसाची संमती: कायद्याने लागत नाही, तरी मागितली होती. "उद्या करतो" म्हणाला. कोणीही त्याची वाट पाहू नये.