घर विकलं, सौना नाही

टापिओला, मिशिगन
१२ मे १९९१

ती. सायमा वन्संना,
स. न. वि. वि.

तुमचं पत्र आणि संत्र्यांची पेटी पोचली. संत्री फार गोड आहेत असं कॅरल म्हणाली. मीही खाल्ली.

जमीन सैल झाली म्हणून मागच्या मंगळवारी वॉल्फ्रेडला पुरलं. जानेवारीपासून तो दफनभूमीच्या दगडी खोलीत बाकीच्यांबरोबर बर्फ वितळायची वाट बघत होता. पाद्री म्हणाले, आता तरी तुम्हाला शांत वाटेल. मी हो म्हटलं. शांत तर आधीपासूनच वाटतंय. फार शांत, तीच अडचण आहे.

आता घराचं. बर्फ गेल्यावर मी आर्वो सुताराला बोलावलं, कारण स्वयंपाकघरात ठेवलेला बटाटा आपोआप उत्तरेकडे घरंगळायला लागला होता. आर्वो पोटावर सरपटत घराखाली गेला आणि हात झटकत बाहेर आला. उत्तरेची तळाची तुळई, जिच्यावर ती सगळी बाजू उभी आहे, ती कुजली आहे. नखाने सोलून निघते म्हणे. जॅक लावून घर उचला आणि तुळई बदला, नाहीतर विका, पण आणखी एक हिवाळा असाच काढू नका, छतावर बर्फ साठल्यावर काय होईल ते मी सांगत नाही, असं म्हणाला. म्हणजे सांगितलंच. वॉल्फ्रेडला हे ठाऊक असणार. गेल्या उन्हाळ्यात तो दोनदा खाली गेला होता, आणि विचारलं तर म्हणायचा, मांजर शोधतोय. आपल्याकडे मांजर कुठे होतं?

लेक म्हणून कॅरलचा हट्ट आहे की मी विकून हॅन्कॉकला तिच्याजवळ यावं. तिथे टेकडीवर नवी घरं उठतायत. तू जिन्यावरून पडलीस तर आम्हाला टपालवाल्याकडून कळणार का, असं विचारते. सगळेच विचारतात, तुला काय हवंय. दाताच्या डॉक्टरने सुई टोचल्यावर ओठ कसा होतो, आहे पण आपला नाही, तसं झालंय. पुस्तकांची गाडी दर पंधरवड्याला येते, मी पुस्तकं घेते आणि न वाचता परत करते. तुम्हाला माहीत आहे, असं कधी झालं नव्हतं.

शनिवारी अंगणातली सौना मात्र तापवते. पाणी भरते, चुलीत बर्चची लाकडं घालते, वरचे दगड चांगले तापले की दार ओढून घरात येते. वाफेच्या आंघोळीला त्या खोलीत बसत नाही. पण शनिवारी धूर निघाला नाही तर शेजारी चौकशीला येतील.

गुडघ्याला जपा. तुमची माया माझ्यापर्यंत पोचते, परत पाठवायला उशीर होतो एवढंच.
तुमची,
लेम्पी

लेक वर्थ, फ्लोरिडा
२१ मे १९९१

चि. लेम्पीस,
अ. आ., वि. वि.

वीक. हे मी पहिल्याच ओळीत लिहिते, म्हणजे उद्या कोणी नाक मुरडलं तर वॉल्फ्रेडच्या थोरल्या बहिणीनेच सांगितलं म्हणून माझं पत्र पुढे कर.

त्या घराचं कौतुक करणाऱ्यांनी तिथे लहानपण काढलेलं नसतं. बाबांनी भिंतीत लाकडाचा भुसा भरला होता. तो दर वर्षी खाली बसायचा आणि वरून वारा यायचा. मी टोपी घालून झोपायची, आणि सकाळी पांघरुणाच्या काठावर माझ्याच श्वासाचा बर्फ असायचा. जुनं घर म्हणजे खाष्ट सासू, कितीही करा, तिचं काही ना काही दुखतंच. नव्या घरात कळ दाबली की दिवा लागतो आणि तो लागेल याबद्दल कुणाला शंका नसते.

तोटेही सांगते. माझ्या भिंती पुठ्ठ्याच्या आहेत. पलीकडे रेनो शिंकला की मी इकडून देव भलं करो म्हणते. आणि सौना म्हणशील तर आमच्या फिनिश मंडळाच्या हॉलमध्ये विजेवरची आहे. नंबर लावायचा, आणि आत बसलेल्या बायका घाम येण्याआधीच सुनांवर घसरतात. तुझी आठवण येते. तू माझ्याबद्दल कोणापाशी बोललीस तरी निदान मला ऐकू येत नाही.

डॉक्टरांनी विमानात बसू दिलं नाही म्हणून वॉल्फ्रेडला निरोप द्यायला मी नव्हते. मी तेव्हाही रडले नाही. मोठी बहीण म्हणून आधी मी रडावं असं असेल तर सांग, प्रयत्न करते.

पुस्तकं परत करू नकोस, उशाशी तरी ठेव. माझे आशीर्वाद जुने असले तरी कुजलेले नाहीत.
तुझी,
सायमा

टापिओला
२४ जून १९९१

ती. सायमा वन्संना,
स. न. वि. वि.

घरं बघून झाली. विक्री बघणारी बेव्हर्ली नावाची बाई आहे, कॅरलच्या ओळखीची. प्रत्येक दार उघडण्याआधी ती म्हणते, आता तुम्ही प्रेमात पडणार. मी बूट काढते आणि आत जाते.

एक जुनं घर खाणीच्या कंपनीने कामगारांसाठी बांधलेल्यांपैकी होतं. भक्कम. मालकीणबाई मुलाकडे राहायला गेल्या होत्या. बेव्हर्ली सांगत होती की ही भिंत पाडली की उजेड येईल, वरचा गालिचा काढला की खाली मेपलच्या लाकडाची फरशी आहे, जुन्या तारा बदलल्या की पुढची पन्नास वर्षं बघायला नको. माझं लक्ष स्वयंपाकघरातल्या नळाकडे होतं. त्यावर त्या बाईंचं पुसायचं फडकं तसंच होतं, वाळून कडक झालेलं. ते काढून टाकणं माझ्याच्याने झालं नसतं, आणि ठेवलं असतं तर मी रोज कोणाच्या घरात उभी आहे ते कळलं नसतं.

टेकडीवरच्या नव्या घराला फक्त गोंदाचा वास होता. तिथे कोणी राहिलेलं नाही, कोणी आजारी पडलेलं नाही. तिथे मला कोणाबद्दल काही वाटावं लागणार नाही. म्हणून ते घेतलं. बांधणाऱ्या डेलने गालिच्याचे नमुने पसरून कुठला रंग असं विचारलं. मी म्हटलं कुठलाही. त्याने खिडक्यांचं विचारलं. मी म्हटलं तुम्हाला योग्य वाटेल तसं. शेवटी म्हणाला, तळघरात विजेची सौना बसवून देऊ का, इथले सगळे फिनिश लोक घेतात. मी म्हटलं नको, सौना आहे. दिवसभरात एवढंच एक उत्तर मी विचार न करता, ठामपणे दिलं.

आपलं घर आता विक्रीसाठी सजवतायत. बेव्हर्लीने भिंतीवरचे आपले फोटो उतरवायला लावले. घेणाऱ्याला स्वतःचं कुटुंब तिथे दिसलं पाहिजे म्हणे. तुळईचं मात्र आधीच सांगून टाकायचं ठरलं. बघायला येणार असतील तेव्हा वेलदोड्याचा पाव भट्टीत ठेवा, वासाने माणसं हळवी होतात, असंही सांगितलं. मी पाव करते आणि ठरल्याप्रमाणे अंगणात जाऊन थांबते.

उन्हाळ्यात तुमच्या गावाला फार उकडत असेल. सावलीत बसा, आणि आमच्यासाठी थोडी जागा ठेवा.
तुमची,
लेम्पी

लेक वर्थ
५ जुलै १९९१

चि. लेम्पीस,
अ. आ., वि. वि.

कुठलाही? आमच्या वॉल्फ्रेडच्या बायकोने रंगाला कुठलाही म्हटलं? लग्नाच्या वर्षी पडद्यांवरून तू आईशी एक अख्खा हिवाळा भांडली होतीस, आणि आईने मला पत्र लिहिलं होतं की सून चांगली आहे पण मान कडक आहे. मला ती मान परत हवी आहे. तुझ्याकडे लक्ष ठेव म्हणून कॅरलला मी वेगळं लिहिलंय. तिला रागावू नकोस.

घराच्या निवडीबद्दल मात्र काही म्हणणं नाही. फडक्याचं तुझं मला पटलं.

विजेची सौना नको म्हणालीस हे तर फारच चांगलं केलंस. ती कसली वाफ, तापलेल्या इस्त्रीसमोर बसल्यासारखं वाटतं. आपल्याकडे आधी सौना आली, घर नंतर आलं. बाबा-आई पहिले दोन हिवाळे त्याच खोलीत राहिले, मी तिथेच जन्मले, आणि आईला शेवटची आंघोळ आपण दोघींनी तिथेच घातली. पुढच्या जूनमध्ये डॉक्टर काहीही म्हणोत, मी येते. तुझ्या नव्या घरी निजेन आणि शनिवारी आपण सौनाला जाऊ. वरचा बाक माझा. वय झालं म्हणून मला खाली बसवायचं नाही.

रंगाला नाव दे, मग उत्तर लिही. माझं प्रेम तुला कुठल्याही रंगात चालेल, पण ते माझं.
तुझी,
सायमा

टापिओला
२ सप्टेंबर १९९१

ती. सायमा वन्संना,
स. न. वि. वि.

घर गेलं. ग्रँड रॅपिड्सचं जोडपं आहे, पॉल आणि ज्युडिथ व्हॅन्डरलान. नुकतीच नोकरी सोडून निवांत झालेत, त्यांना उन्हाळ्यात राहायला जागा हवी होती. एका शनिवारी दुपारी बेव्हर्ली त्यांना घेऊन आली. सौना तापलेली होती. शनिवारी पाहुणा दारात आला तर त्याला आधी आत पाठवायचं, कामाचं नंतर बोलायचं, हे मी तुम्हाला काय सांगू. मी टॉवेल दिले. ते गाडीतून पोहण्याचे कपडे घेऊन आले आणि ते घालून आत गेले, सौनात कपडे घालत नाहीत हे त्यांना ठाऊक नव्हतं. मी बघून न बघितल्यासारखं केलं. बाहेर आले तेव्हा दोघांचे चेहरे बीटासारखे झाले होते, आणि पॉलने पायरीवर बसून कोणी न विचारता सांगितलं की तुळई बदलून घेऊ, घर आम्हाला हवं. बेव्हर्ली मला कोपऱ्यात घेऊन म्हणाली, तुम्ही तर माझ्याहून पक्क्या निघालात. मी विकण्यासाठी काहीच केलं नव्हतं. शनिवार होता.

सह्या झाल्या. वकिलाने कागद मोठ्याने वाचला. लांबलेलं प्रवचन ऐकतात तसा मी ऐकला. पुढच्या दाराची, मागच्या दाराची, तळघराची आणि गाडीच्या शेडची, अशा किल्ल्या ज्युडिथच्या हातात दिल्या. तिने माझा हात बराच वेळ धरून ठेवला. तिला वाटलं असावं मी रडेन. मला वाईट वाटलं की तिची निराशा झाली.

या महिन्याच्या अखेरीला हलायचं, तोवर त्यांनी राहू दिलंय. गालिचा ओटच्या लापशीच्या रंगाचा आहे. तुम्ही नाव द्यायला सांगितलं म्हणून मुद्दाम विचारून घेतलं.

दारं बदलली तरी पत्त्यावर तुमचं अक्षर येत राहू दे.
तुमची,
लेम्पी

हॅन्कॉक
२० ऑक्टोबर १९९१

ती. सायमा वन्संना,
स. न. वि. वि.

हे पत्र लिहायला आठवडा लागला. तुम्हाला सांगायचं आहे ते चांगलं नाही, म्हणून आधी खुर्चीत नीट बसा.

नव्या घरात आल्यानंतरच्या पहिल्या दोन शनिवारी मला ताप होता. तिसऱ्या शनिवारी बरं वाटलं, म्हणून गाडी काढली आणि टापिओलाला गेले. पाणी भरलं, लाकडं फोडली, चूल पेटवली आणि पायरीवर बसले. व्हॅन्डरलान तुळईचं काम बघायला आले आहेत हे मला माहीत नव्हतं. पॉल मागच्या दारातून आग विझवायचं लाल नळकांडं घेऊन धावत आला. मला बघून थांबला. तुमचं काही राहिलंय का, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, आज शनिवार आहे. त्याला ते कारण वाटलं नाही. मला त्याहून मोठं कारण सुचेना.

मग तो नळकांडं खाली ठेवून, अगदी हळू, आजारी माणसाशी बोलतात तसा म्हणाला की आम्ही ही खोलीही घेतली आहे ना, कागदात सगळ्या इमारतींसकट होतं ना. तेव्हा मला कळलं. वन्सं, आपण दोघींनी सगळा उन्हाळा घर विकण्याच्या गोष्टी केल्या आणि दोघींच्याही डोक्यात सौना त्यात नव्हती. तिला किल्ली नाही, म्हणून ती कोणाला द्यावी लागली नाही. डेलला मी सौना आहे म्हणून सांगितलं, तेव्हाही हीच. रात्री कॅरलला फोन केला. ती म्हणाली, आई, मला वाटलं तुला माहीत आहे. तुमचा वरचा बाक मी विकून बसले आहे. पॉल तिथे होडी ठेवणार आहे.

ज्युडिथ मला घरात घेऊन गेली. पेटलेली चूल फुकट कशाला घालवायची, तुम्ही दोघं जाऊन या, असं मीच त्यांना म्हटलं. पोहण्याचे कपडे घालायची गरज नाही हेही सांगितलं. कधीतरी कोणीतरी सांगायला हवंच होतं. ते गेले आणि मी स्वयंपाकघरात एकटी राहिले. पाहुण्यासारखी, त्यांच्या कपात कॉफी घेऊन. त्यांनी टेबल पूर्वेच्या खिडकीशी नेलंय. तिथे बसलं की कुरण दिसतं, पलीकडचं रान दिसतं, रस्त्यावर कोण येतंय ते दिसतं. मी त्या घरात चाळीस वर्षं भिंतीकडे तोंड करून कॉफी प्यायले, कारण टेबल वॉल्फ्रेडने तिथे ठेवलं होतं, कारण ते बाबांनी तिथे ठेवलं होतं. मला राग आला. वॉल्फ्रेडचा आला, तुळईचं लपवलं त्याचा आला, मांजराचा आला. मी एकदाही म्हटलं नाही की टेबल हलवू या, त्याचा सगळ्यात जास्त. इतका की कप खाली ठेवताना बशी वाजली. मग मी बशीसकट तो विसळला आणि ते यायच्या आत निघाले.

ज्युडिथची चिठ्ठी आली. होडी दुसरीकडे ठेवू, तुम्ही दर शनिवारी या, असं लिहिलंय. मनापासून लिहिलंय. मी नको म्हणून कळवलं. तिथे मला पाहुणी म्हणून आधी आत पाठवतील, आणि ते मला जमणार नाही. तुम्हाला रागवायचं असेल तर जरूर रागवा. मी ऐकेन, आणि मला वाटतं या वेळी मला लागेलही.

काल शनिवार होता. डेलला तळघरात सौनाचं काय जमेल ते सोमवारी विचारायचं ठरवलंय, पण काल तर काहीच नव्हतं. दुपारी पुस्तक उघडलं, अर्ध्यावर ठेवलं. खिडकीत बसले. समोरच्या घरातला माणूस पानं गोळा करत होता, तो चुकीच्या बाजूने सुरू करतो. संध्याकाळ संपता संपेना. फार कंटाळा आला वन्सं. कितीतरी महिन्यांनी आला.

रागात असलात तरी लिहा. तुमच्या लोभावर माझा हक्क मी अजून कोणाला लिहून दिलेला नाही.
तुमची,
लेम्पी