ओली वाळू घट्ट असते

२ फेब्रुवारी, सोमवार

बायकोचा रिपोर्ट आला. छातीतली गाठ चांगली नाही. ऑपरेशन करावं लागेल, तारीख लवकरच कळवू, असं डॉक्टर म्हणाल्या. परत येताना मी गाडीत रेडिओ लावला. तिने बंद केला.

घरी पोचेपर्यंत एक निर्णय झाला. या घरात आता कोणीतरी खंबीर राहायला हवं, आणि ते मीच राहणार. पण खंबीर राहायचं तर माणूस आधी ताजातवाना पाहिजे. संध्याकाळी माळ्यावरून गळाच्या काठ्या काढून पुसल्या. पुसताना बराच खंबीर वाटलो.

४ फेब्रुवारी, बुधवार

ठरलं. ऑपरेशनच्या आधी एकदा समुद्रावर जाऊन यायचं. हॉटेलांच्या गर्दीत नाही. त्याच्या पुढे, जिथे डांबर संपतं आणि वाळूची वाट सुरू होते. त्या वाटेच्या टोकाला खडक आहेत, खडकाजवळ खोल पाणी आहे आणि पाण्यात हाताएवढे मासे आहेत, असं होकायंत्र सांगतो. होकायंत्र म्हणजे आमच्या ऑफिसातला डिस्पॅचवाला. कुठलाही पत्ता विचारा, आधी हात दाखवतो, मग विचार करतो.

जीप घेऊन वर्ष होत आलं. सेकंडहँड आहे, पण चारही चाकांना ताकद देणारी. अजून तिने डांबर सोडलेलं नाही. फोर व्हीलच्या दांड्याला बायको पर्स अडकवते.

५ फेब्रुवारी, गुरुवार

लोक अशा सहली उत्साहाच्या भरात करतात आणि फसतात. मी प्लॅनिंगचा माणूस. पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या कारखान्यात केस पांढरे केले, ते याच खात्यात. आमच्या खात्याचं एकच तत्त्व: बफर. छपाईचं मशीन बंद पडणारच, ट्रक उशिरा येणारच, म्हणून गिऱ्हाइकाला सांगायची तारीख वेगळी आणि आपली वेगळी. बफर असला की आभाळ कोसळलं तरी माल वेळेवर जातो.

घरी कोणी प्लॅनिंग करत नाही. बायको सकाळपासून कपाटं आवरते आहे. कुठल्या डब्यात काय आहे त्याच्या चिठ्ठ्या चिकटवते आहे. म्हटलं, कशाला? म्हणाली, तुम्हाला सापडायला हवं ना. डाळीच्या डब्यावर ‘डाळ’. मला काय डाळ कळत नाही?

८ फेब्रुवारी, रविवार

दिवसभर गॅरेजमध्ये. उस्ताद म्हणाला, साहेब, तुमच्यासारखी तयारी करून जाणारं गिऱ्हाईक विरळा. माणसाला पारख आहे. त्याच्याकडून फावडं, गाडी ओढायचा पट्टा, टायरची हवा मोजायचं घड्याळ आणि बॅटरीवर चालणारा पंप घेतला. वाळूत जाताना टायरमधली हवा कमी करायची, बाहेर आल्यावर परत भरायची. अडाणी माणसाला वाटेल, हवा काढून गाडी कशी चालेल? पण हेच शास्त्र आहे.

बायकोची स्कॅनिंगची अपॉइंटमेंट आजच होती. मेव्हणी सोबत गेली. मी गेलोच असतो, पण उस्ताद रविवारीच निवांत असतो.

११ फेब्रुवारी, बुधवार

ऑपरेशनची तारीख मिळाली. सोमवार, २३. आदल्या संध्याकाळी ऍडमिट. माझी सहल रविवारी १५ला. मध्ये अख्खा आठवडा बफर.

जेवताना बायको म्हणाली, “अहो, सोमवारी तुम्ही असाल ना?”

म्हटलं, हा काय प्रश्न झाला. ती म्हणाली, नाही, आत नेताना कोणीतरी ओळखीचं दारात दिसलं की बरं. म्हटलं, कोणीतरी काय, मीच असेन. मग तिने भात वाढला. विषय संपला.

हॉस्पिटलचा वास मला मानवत नाही, हे तिला माहीत आहे. पण वास हा मनाचा खेळ आहे. समुद्राच्या वाऱ्यानंतर काही वाटणार नाही.

१५ फेब्रुवारी, रविवार

सहल स्थगित. रद्द नाही, स्थगित.

पहाटे विचार केला, तिथे जाऊन हवा काढण्यापेक्षा इथेच एकदा सराव करून बघावा. चारही टायरमधली हवा काढली. शास्त्रशुद्ध. मग पंप लावला. पंपाने एक उचकी दिली आणि फ्यूज उडाला. जीप बिल्डिंगच्या दारात म्हशीसारखी बसली. तळमजल्यावरचे हेडमास्तर सकाळी फिरून आले, जीपभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाले, “समुद्र इथेच बोलावलाय का?”

सुशिक्षित माणसांची ही तऱ्हा.

बायकोला दुपारी भूल देणाऱ्या डॉक्टरांकडे जायचं होतं. जीप बसलेली, म्हणून टॅक्सीने गेली. मी फ्यूज शोधत होतो.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

नवीन तारीख: रविवार, २२. तोच ऍडमिट व्हायचा दिवस, पण ऍडमिट संध्याकाळी. पहाटे निघायचं, दुपारी जेवायला घरी, वर थोडी झोप. बफर पुरेसा.

तीन दिवस व्हिडिओ बघून वाळूचा अभ्यास पुरा केला. सार असं: कोरडी वाळू भुसभुशीत, चाक रुततं. ओली वाळू सिमेंटसारखी घट्ट. म्हणून गाडी ओल्या वाळूवरूनच न्यायची आणि थांबायचं तेही ओल्या वाळूवरच. होकायंत्राला समजावून सांगितलं. तो म्हणाला, पण ती ओली का असते? म्हटलं, उगाच फाटे फोडू नकोस.

आमिषाची कोळंबी आणून फ्रीजरमध्ये ठेवली. बायकोने ऑपरेशननंतर शेकायच्या बर्फाच्या पिशव्या ठेवल्या होत्या, त्या खालच्या कप्प्यात सरकवल्या.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

होकायंत्राने शेपूट घातलं. म्हणाला, वहिनींचं ऑपरेशन दुसऱ्या दिवशी आहे हे मला आज कळतंय. मी येत नाही. तूही जाऊ नकोस. म्हटलं, बफर आहे. म्हणाला, खड्ड्यात गेला तुझा बफर, घरी बस.

डिस्पॅच खात्याकडून आणखी काय अपेक्षा करणार. एकटाच जाईन.

२१ फेब्रुवारी, शनिवार

सगळी बांधाबांध झाली. बायकोने दोन बॅगा भरल्या, एक तपकिरी, एक निळी. कुठल्या बॅगेत काय आहे ते सांगत होती. मी तेव्हा गळाला शिसं लावत होतो, हूं हूं केलं. मग मला एक कल्पना सुचली. मोठी, निळी बॅग आत्ताच जीपमध्ये टाकून ठेवली. फाइल, स्कॅनचे फोटो वगैरे त्यातच असणार. उद्या संध्याकाळी ऐन वेळची धावपळ नको, तिने नुसतं येऊन बसायचं. याला म्हणतात ऍडव्हान्स प्लॅनिंग. तिला सांगितलं नाही, उद्या कळेलच.

झोपायच्या आधी तिने विचारलं, उद्या गेलंच पाहिजे का? म्हटलं, तुझ्यासाठीच चाललोय, मी ताजा असलो तर तुलाच आधार.

ती म्हणाली, “मग माझ्यासाठी नका जाऊ.”

मी हसलो. अशा प्रसंगातही तिची विनोदबुद्धी शाबूत आहे, हे बघून बरं वाटलं.

२२ फेब्रुवारी, रविवार

पहाटे. निघालो. ती जागी होती, पण डोळे मिटून होती. उठवलं नाही.

सकाळ. डांबर संपलं. हवा काढली. दांडा ओढला. वाळूची वाट, दोन्हीकडे झुडपं, मध्ये गवत. जीप बोटीसारखी डुलत गेली. एकदाही रुतली नाही. उस्तादाला फोन करून सांगणार होतो, पण इथे रेंज नाही. तेही बरंच.

थोड्या वेळाने. खडक सापडले. पाणी लांब गेलेलं. ओली वाळू खरोखर सिमेंटसारखी. पाय आपटून बघितला, ठसा उमटला नाही. जीप अगदी पाण्यालगत, समुद्राकडे तोंड करून लावली. दार उघडं, पाय बाहेर, गळ पाण्यात. हॉस्पिटल, रिपोर्ट, काही आठवत नाही. म्हणजे उपाय लागू पडतो आहे.

अजून मासा नाही. एक खेकडा आला, आमिष घेऊन गेला.

आता एक लाट पुढच्या चाकाला लागून गेली. सुंदर दृश्य.

निघायला हवं. एक लाट मागच्या चाकालाही लागली.

दुपार. हे झुडपाखाली बसून लिहितो आहे. गाडी सुरू केली तर चाकं जागेवरच फिरली. चारही. एकदम, सारख्या ताकदीने, सारखी खाली गेली. साधी गाडी असती तर दोनच रुतली असती. फावड्याने खणलं. खणलं की खड्ड्यात पाणी. पट्टा बांधायला झाड नाही. ओली वाळू घट्ट असते हे खरंच आहे, फक्त ती समुद्राची असते आणि तो दुपारी घ्यायला येतो.

पाणी दारातून आत आलं तेव्हा डोकं शांत ठेवलं. काठ्या सोडल्या. आमिषाचा डबा सोडला. पंप नवा होता, तोही सोडला. निळी बॅग मात्र, वर फोन आणि ही वही ठेवून, डोक्यावर घेऊन बाहेर पडलो. छातीपर्यंत पाणी होतं. रिपोर्ट वाचवले. आज कोणी विचारलं, प्रसंगी काय केलंस, तर माझ्याकडे उत्तर आहे.

संध्याकाळ. वाट चालून डांबरावर आलो. बस थांबा आहे, बस नाही. बायकोचा फोन लागला. मेव्हणीने उचलला. तिला म्हटलं, घाबरू नका, फाइल माझ्याकडे सुरक्षित आहे.

ती म्हणाली, “भाऊजी, फाइल इथेच आहे. आम्ही पोचलो कधीच. तुमची वाट बघून टॅक्सीने आलो.”

म्हटलं, मग निळ्या बॅगेत काय आहे? ती म्हणाली, मला काय माहीत. मागे कोणीतरी बायकोचं नाव पुकारलं आणि फोन बंद झाला.

बॅग उघडली. माझा पायजमा. माझी स्लीपर. वाचायचा जुना चष्मा, दोऱ्याने बांधलेला. माझ्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या, एकेक दिवसाची एकेक पुडी, वर वार लिहिलेला. हवा भरायची उशी. बिस्किटं, मला लागतात ती. आणि शाल, कारण एसीत माझी मान धरते.

सोबत राहणाऱ्याची बॅग. काल ती हेच सांगत असणार.

शेवटची बस गेलेली आहे. सकाळी पहिली आहे म्हणतात. शाल उबदार आहे.

२३ फेब्रुवारी, सोमवार

बस वाटेत एकदा बंद पडली. त्याला मी जबाबदार नाही.

पोचलो तेव्हा तिला आत नेलेलं होतं. मेव्हणी बाकावर बसली होती, गळ्यात सोबतीचा पास. एका पेशंटला एकच पास. मी शेजारी बसलो. तिने माझ्या पायांकडे बघितलं. मग म्हणाली, स्ट्रेचरवरून मागे वळून वळून दाराकडे बघत होती.

मी तिला समुद्राच्या भरतीचं सांगायला सुरुवात केली. ती म्हणाली, “भाऊजी, राहू द्या.”

सांगितलेल्या वेळेपेक्षा जास्त वेळ लागला. डॉक्टर बाहेर आल्या आणि मेव्हणीशी बोलल्या. मी तेव्हा खाली होतो, जीप ओढून आणणाऱ्या ट्रॅक्टरवाल्याचा नंबर मिळवत होतो. वर आलो तर मेव्हणी डोळे पुसत होती. तिला काही विचारलं नाही. भावनेच्या भरात माणूस नीट सांगत नाही. थेट डॉक्टरांनाच विचारेन.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

ट्रॅक्टरवाल्याने फोटो पाठवला. जीपमध्ये खिडकीपर्यंत वाळू आहे. म्हणाला, ओढता येईल, पण ओढून करणार काय?

डॉक्टरांना विचारलं नाही. त्या घाईत होत्या.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

मेव्हणी आज घरी गेली. जाताना पास माझ्या गळ्यात घातला, हार घालतात तसा, पण तोंड फिरवून.

आत गेलो. वास होताच. बायको उशीला टेकून बसलेली, एका बाजूने पट्ट्या, लहान दिसत होती. माझ्याकडे बघून म्हणाली, आधी बाहेर जाऊन पाय झटकून या, वाळू सांडतेय. तीन वेळा धुतले तरी कुठून येते कळत नाही. झटकून आलो. खुर्चीवर बसलो. निळी बॅग खाली ठेवली. तिने बॅगेकडे बघितलं, म्हणाली, गोळ्या घेतल्या का? घेतल्या होत्या. वार बघून.

दहाला डॉक्टर राउंडला येतात. काय विचारायचं ते पाठ केलं: किती पसरलंय आणि आता पुढे काय. दोनच वाक्यं. तोंडातल्या तोंडात म्हणून बघितली, जमत होती. दहाला पाच मिनिटं कमी असताना वाटलं, तिला चहा हवा असेल. दहा मिनिटांचं काम. बफर नव्हता, पण गेलो.

परत आलो तर डॉक्टर येऊन गेल्या होत्या.

बायको म्हणाली, “मी विचारलं त्यांना. तुम्हाला सांगू?”

म्हटलं, आधी चहा घे, निवतोय. तिला कप धरवेना. मी धरला. ती हळूहळू प्यायली, मध्ये थांबत, माझ्याकडे न बघता. कप रिकामा झाला. मी तो धुवायला उठणार होतो.

उठलो नाही. म्हटलं, सांग.

तिने सांगितलं. मला वाटलं होतं त्याहून थोडक्यात सांगितलं. मग म्हणाली, आता शाल घ्या, मान धरेल.