मी गेल्याचं बटणला कोणी सांगायचं

मी, खाली सही करणारी, वय बावन्न, शिक्षण चौथी, धंदा शिवणकाम, हे लिहून ठेवते की आज माझं डोकं ठिकाणावर आहे. आमच्या घरात हे वाक्य कोणी हलक्यात लिहीत नाही, म्हणून डॉक्टरांचा दाखला मागे टाचला आहे. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही, आणून बघावा. सोमवारी पोटाचं ऑपरेशन आहे, म्हणून घाई.

१. दुकान, वरची खोली व दोन्ही मशिनी धाकट्या भावाला. काज-बटण तोच करतो म्हणून त्याला सगळे बटण म्हणतात. वीस वर्षं त्याला मनाचा आजार आहे. वेडा म्हणणाऱ्याने दुकानाची पायरी चढू नये. माझ्यामागे देखरेख भाचीने करावी. ती म्हणाली, "मावशी, मला जमेल का गं?" मी म्हटलं, मला तरी कुठे जमत होतं.

२. थोरल्या भावाला काहीही नाही. मागच्या खेपेला बटण बिघडला तेव्हा मी बाजारात गेले असताना त्याने चार माणसं आणली आणि बटणला दोरीने बांधून दवाखान्याच्या गाडीत कोंबलं. दोरी शिडीमागे आहे. तेवढी त्याने घेऊन जावी.

३. बटण बिघडायला लागला की झालेले काज उसवून परत करतो. एक-दोन उसवले तर गप्प बसावं. गिऱ्हाइकाचा अख्खा शर्ट उसवला की त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. उद्या बघू म्हणून मी दोनदा तोंडघशी पडले आहे.

४. गोळी जेवणात लपवून देऊ नये. मी दिली होती, आणि त्याला कळलं. चार महिने माझ्या हातचं पाणी प्यायला नाही, नळाला तोंड लावायचा. चूक माझी, कबूल.

५. हे बटणने बरा असताना, डॉक्टरांसमोर सांगितलं, मी फक्त उतरवलं: "दवाखान्यात न्यायची वेळ आली तर मी नको म्हणेन, शिव्या देईन. तेव्हाचं धरू नका, आत्ताचं धरा. न्यायला भाची आणि शेजारचा न्हावी, दोघंच. मला हात लावायच्या आधी विचारा."

६. खरी धास्ती पुढेच आहे. मी मेले तर त्यानेच तो बिघडेल. थोरला म्हणेल, ताई परगावी गेलीय असं सांगा. खबरदार! तो दारात बसून राहील, खाणार नाही. भाची म्हणते मी सांगेन, न्हावी म्हणतो मी. शेवटी बटणलाच विचारलं. मान वर न करता म्हणाला, "तूच सांग."

"मेल्यावर कसं सांगू रे?"

"लिहून ठेव. इतकं घाण अक्षर दुसऱ्या कोणाचं नाही."

तर सकाळची गोळी घेऊन झाली की भाचीने खालचा मजकूर त्याच्या हातात द्यावा. वाचून दाखवू नये. शेजारी बसावं आणि बडबड करू नये.

बटण, मी मेले. परगावी गेले नाही, मेले. तुझ्यामुळे नाही, पोटामुळे. तू काही केलं नाहीस आणि तुझ्याकडून काही राहिलंही नाही. रडायचं तेवढं रड. डॉक्टरांकडे आजच जायचं, भाची बरोबर येईल. — ताई

साक्षीदार: १. शेजारचा न्हावी. २. बटणचे डॉक्टर. दोघांनी माझ्यासमोर सह्या केल्या.

बटणने एक ते पाच कलमं वाचून सही केली. सहाव्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "हे आत्ता नाही."

सही: ताई
ठिकाण: दुकानावरची खोली
दिनांक: तेवीस ऑगस्ट, शनिवार