पुढचं चाकही ओढतं

बोईसर, ३ नोव्हेंबर २०२४

तीर्थरूप बळवंतमामांस,
शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

फोनवर तुम्ही ऐकू येत नाही म्हणून ठेवून देता, तेव्हा हा कागद. केदारदादा संक्रांतीला पुण्याहून येऊन तुमची चिकूची वाडी दुसऱ्याला कसायला देणार, हे ऐकून वाईट वाटलं. त्याचं म्हणणं, वाटेवरच्या खाजणातला बांध फुटून खाडीचं पाणी शिरल्यापासून सत्तरीच्या वडिलांनी रोज चिखल तुडवत तिथे जाऊ नये.

उपाय टेम्पोतून पाठवतोय. कारखान्यातला मित्र कुशल आणि मी सहा महिने सुट्ट्या घालवून ही मोटरसायकल जोडली. हिचं पुढचं चाकही चेनने फिरतं. मागचं रुतलं तर पुढचं ओढून काढतं. तोटेही सांगतो: वजन फार, वळताना हट्टी, आणि ताशी तीसच्या वर गेलीच तर मला जरूर कळवा.

मामीला नमस्कार. लोभ आहे तसाच राहू द्यावा.
आपला भाचा,
धीरज

एडवण, १७ नोव्हेंबर

चि. धीरजस अनेक आशीर्वाद.

तुझं यंत्र पोचलं. कामाला निघायचं म्हणून पंक्चरवाल्याकडून दोन्ही चाकांत हवा टम्म भरून घेतली, नारळ फोडला आणि ओहोटी बघून खाजणात उतरलो.

साधी गाडी असती तर काठावरच रुतली असती आणि मी हात धुऊन घरी जेवायला आलो असतो. तुझी गाडी गुणाची. तिने मला बरोब्बर खाजणाच्या मध्यावर नेलं आणि तिथे दोन्ही चाकांनी मिळून खड्डा खणला. हाका मारल्या त्या बगळ्यांनी ऐकल्या. भरतीचं पाणी घोट्याला लागलं तेव्हा मात्र मी घाबरलो, खोटं कशाला बोलू? शेवटी खेकडे पकडणारा जिव्या दोर घेऊन आला. पुढचं चाक ओढतंय तर बाबा मागनं ढकलतोय कशाला, असं त्याने मला गावभर ऐकू जाईल इतक्या मोठ्याने विचारलं.

ही वार्ता पुण्याला माझ्याआधी पोचली. केदारने बजावलंय, खाजणात एकट्याने पाऊल टाकायचं नाही, नाहीतर संक्रांतीचीही वाट बघणार नाही. अशी ही तुझी मदत.

राग नाही. माया कमी करू नकोस.
तुझा,
बळवंतमामा

बोईसर, २४ नोव्हेंबर

ती. मामांस सा. न.

चूक माझी. हवा कमी ठेवायची, चाक दाबलं की बोट आत गेलं पाहिजे, हे लिहायचं राहिलं. तुम्ही ती टम्म भरून घ्याल हे मला कळायला हवं होतं, आपल्या घरात सायकलसुद्धा दगडासारखी लागते. निम्मी हवा सोडा आणि जिव्याला काठावर उभा करून पुन्हा बघा.

कृपा असू द्यावी.
धीरज

एडवण, २२ डिसेंबर

चि. धीरजस मंगलामामीचे आशीर्वाद.

हे पत्र यांच्या नकळत लिहिते आहे. हवा सोडल्यापासून गाडी रोज वाडीत जाते आणि चिकूच्या दोन करंड्या मागच्या कॅरिअरवर बांधून परत येते. हे ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला तुझ्या गाडीचे फायदे सांगतात. कंटाळा आला.

पण जिव्या आता मुरब्याला बोटीवर कामाला लागला. केदार म्हणतो, सोबत माणूस असेल तर वाडी आपल्याकडे राहील, नाहीतर नाही. यांनी अख्ख्या गावात सोबत शोधली. घरात शोधली नाही.

त्या वाडीतली निम्मी कलमं माझ्या हातची आहेत. गुडघे गेल्यापासून अकरा वर्षांत मी ती पाहिलेली नाहीत. एकदा विचारलं, तर म्हणाले, ही गाडी दोघांना ओढणार नाय. दोन्ही चाकं ओढतात म्हणून कौतुक आणि माणूस नेणार एकच! करंड्यांना जागा आहे. मला तर धरून बसायला हातही आहेत.

तुम्ही दोघांनी एवढे फायदेतोटे लिहिलेत, मी सगळी पत्रं वाचली. मागे बसायला जागा नाही, हा तोटा कुणालाच दिसला नाही.

केदारला मी कळवून टाकलंय की सोबत मिळाली. रविवारी पाने-पक्कड घेऊन ये. लोभ नंतर वाढव, आधी सीट बसव.
तुझी,
मंगलामामी