तिसऱ्या सकाळचा बेत

प्रिय लुडबुड्या,

एवढ्यावरच शिंपीणबाईने पेन्सिल उचलली. म्हणते, भिक्खूला असं लिहीत नाहीत आजी, 'आदरणीय भंते' असं सांगा. मी म्हटलं, बाई गं, ज्याचं नाक मी माझ्या बाहीने पुसलंय त्याला काय आदर दाखवायचा तो समोर आल्यावर दाखवीन, गुडघे वाकतील तेवढा. पत्रात तरी मला मोकळं बोलू दे. तिने तोंड वाकडं केलं, पण लिहिलं. ती तुला आठवत असेलच. पलीकडच्या खोलीत बसून चिवरांच्या कडा शिवते, आणि तू गुंड्या गिळशील म्हणून तुला दारातच अडवायची तीच. अजून तशीच आहे. माझी वाक्यंसुद्धा कापून, दुमडून, कड घालून घेते. तेव्हा या पत्रात कुठे फार शहाण्यासारखं काही वाचलंस तर ते तिचं समज. आपल्या घरात लिहिता येणारी दोन माणसं आहेत, तुझा बाप आणि तुझी आई, हे मला ठाऊक आहे. पण दोघंही बाजारात माल पोचवायला गेल्यावरच मी तिच्याकडे आले. का, ते सांगते. दम घेत घेत सांगते.

तर आम्ही तुमच्याकडे येतोय. आजपासून बारा दिवसांनी. तुझ्या बापाने सगळं ठरवलंय. त्याने कुठूनसा तुमच्या गावाचा एक रंगीत कागद आणलाय, घडी उलगडली की टेबलभर होतो. त्यात नदी आहे, नदीत उतरणाऱ्या दगडी पायऱ्या आहेत, तो मोठा विटांचा स्तूप आहे, आणि एका होडीत बसून दात दाखवणारी चार माणसं आहेत. शिंपीणबाईने वाचून दाखवलं, की सगळं दीड-दोन हजार वर्षं जुनं आहे. मी तुझ्या बापाला म्हटलं, जुनंच बघायचं तर एवढा प्रवास कशाला, मला आरसा आणून दे. तो हसला नाही. हल्ली हसतच नाही. त्याचा उजवा खांदा गेलाय. ओलं कापड रंगाच्या हंड्यातून उचलताना आधी कण्हायचा, आता दातावर दात धरून गप्प उचलतो, आणि ते ऐकायला जास्त वाईट लागतं.

खरं सांगू का, मी दमलेय रे. आजारी नाही. डॉक्टरने छाती बघितली, जीभ बघितली, म्हणाला सगळं ठीक आहे, वय आहे. जसं काही वय मी कुठून उचलून आणलं. पण सकाळी उठून तीन चुली पेटवायच्या, रंगासाठी लाकडाचा भुसा उकळायचा, तुरटी घालायची, वाफेत उभं राहून काठीने कापड फिरवत राहायचं, हे चाळीस वर्षं केलं ना, आता मध्येच काठी धरूनच झोप लागते. परवा तुझी आई म्हणाली, अहो आई, हंड्यात पडाल. मी म्हटलं, पडले तर निदान पक्का रंग चढेल. तीही हसली नाही. या घरात आता विनोद करणं म्हणजे भिंतीवर चेंडू मारण्यासारखं झालंय.

तू गेलास त्याला सहा वर्षं झाली. चिवरांच्या बारा टोपल्या घेऊन टेम्पोतून विहाराकडे निघालास, परवा येतो म्हणालास. परवा टेम्पो आला, बारा टोपल्या आल्या, एकात एक घालून नीट बांधलेल्या, आणि त्यांच्यात तुझी चिठ्ठी, की मी इथेच राहतोय. ती तुझ्या बापाने वाचली आणि टोपल्या मोजायला लागला. तीनदा मोजल्या. जणू एखादी जास्त निघाली असती तर तिच्यात तू असतास. तुझ्या आईने रडारड केली नाही. पण तुझ्या खाटेवर ती आजही ताग्यांचा ढीग ठेवू देत नाही, जागा कितीही कमी असो. आम्ही तागे जिन्यावर ठेवतो आणि सगळे अडखळतो.

मी काय केलं, ते तुला कधी सांगितलं नाही. मी विहाराचा माल रंगवत राहिले. तुमच्याकडे चिवरं चिठ्ठ्या टाकून वाटतात, कुठलं कुणाला जाईल कुणालाच ठाऊक नसतं, हे मला माहीत होतं. तरी दर खेपेला वाटायचं, यातलं एक त्याच्या अंगावर जाणार. ते जरा जास्त पक्कं असावं, उन्हात रंग उडू नये. पण कुठलं? मग मी सगळीच तीनदा बुडवायला लागले. दोनदा बुडवायची पद्धत, तुझ्या आजोबांपासूनची. मी तीनदा. तुझा बाप डोकं खाजवायचा, की भुसा एवढा लवकर संपतो कसा. शेवटी तुमच्या मोठ्या भंतेंचा निरोप आला, अगदी नम्र, की आमचे ऐंशी जण दिवसेंदिवस काळे पडत चालले आहेत, लांबून झाडांच्या खोडांसारखे दिसतात, रंग जरा हलका ठेवता आला तर बरं. तेव्हा कुठे तुझ्या बापाच्या डोक्यात प्रकाश पडला. दुसऱ्या दिवसापासून तो स्वतः हंड्यापाशी उभा राहून मोजायला लागला, एक, दोन, बास आई. तर ऐंशी माणसांना वर्षभर खोडासारखं हिंडवल्याबद्दल माझ्या वतीने माफी माग. जमलं तर.

तुझी बातमी आम्हाला टेम्पोवाल्याकडून कळते. तुझ्या पत्रांत काही नसतं, मी बरा आहे, तुम्ही बरे असा, एवढंच. असं पत्र तर दगडसुद्धा लिहील. टेम्पोवाला बरा, तो खातो आणि बोलतो. त्याने सांगितलं की तू स्तूपाच्या विटांमधलं गवत उपटतोस. मला आधी खरंच वाटेना. घरी मागच्या अंगणातलं गवत काढ म्हटलं की ज्याच्या पोटात दुखायचं, तो? म्हणाला, हो, कमरेला दोर बांधून वर लटकतो, एकेक मूळ सुरीच्या टोकाने काढतो, वीट हलू देत नाही. नाव घेऊन हाक मारली, तर वरूनच ओळखीचं हसला, हात हलवला, आणि परत कामाला लागला. जरा घाईत होता, असं म्हणाला. तुझ्या बापाला या गोष्टीचा राग आला, की घराकडचं माणूस दिसलं तर खाली उतरता येत नाही? मी ती घाई दोन दिवस मनात घोळवत बसले. इथे असताना तुला कधी कशाची घाई नव्हती. चुलीपाशी बसायचास आणि वाफेकडे बघत राहायचास.

आता बेत ऐक. पहिल्या दिवशी आगगाडी, मग नावेतून पलीकडे. रात्री यात्रेकरूंच्या घरात मुक्काम. खालची खोली मिळेल असं त्यांनी कळवलंय, पण खालची म्हणजे रस्त्याच्या खाली की जिन्याच्या खाली हे कळलेलं नाही. दुसऱ्या दिवशी स्तूप. त्याला एकशे बारा पायऱ्या आहेत असं त्या कागदावर आहे, कठड्याचं कुठे काही लिहिलेलं नाही, म्हणजे नसणारच. मी खालीच बसेन आणि वर गेलेल्यांच्या चपला राखेन, त्या कामात मी वाकबगार आहे. आणि तिसऱ्या दिवशी, सकाळी, तुम्ही सगळे भिक्षेला रांगेने नदीकाठच्या रस्त्यावरून निघता, तेव्हा मी भाताचं पातेलं घेऊन उभं राहायचं. मी पुढे, तुझी आई माझ्या मागे, तुझा बाप कोपऱ्यावरच्या दुकानापाशी. तू माझ्यापुढे आलास की मी रडायचं. असं ठरलंय. तुझ्या बापाने जागासुद्धा त्या कागदावर पेन्सिलने खूण करून ठेवलीय. म्हणतो, आई, तू फक्त एकदा त्याच्यासमोर उभी राहा आणि घरी चल म्हण. तुझ्या डोळ्यात पाणी बघितलं की तो पुढे जाऊच शकत नाही, पुढचं मी बघतो.

त्याच्यावर रागावू नकोस. त्याचा खांदा उचलत नाही, तीन हंडे आहेत आणि मागे कुणी नाही. तुला मारून-बांधून आणील असा तो माणूस नाही. त्याला एकच हत्यार ठाऊक आहे आणि ते चालतं हे त्याने एकदा बघितलंय. तू सतरा वर्षांचा होतास. त्या इमारती दुरुस्त करायला शिकवणाऱ्या शाळेचं पत्र आलं होतं, जागा मिळाली म्हणून. पेटी भरून दारात ठेवली होतीस. मला कुणी सांगितलं नव्हतं रडायला, ते माझं मीच केलं. दाराच्या पायरीवर बसले आणि म्हटलं, जा, जा, मी काय आज आहे उद्या नाही. पेटी उघडलीस, एकेक सदरा काढून परत खुंटीला लावलास, आणि माझ्यासाठी पाणी आणलंस. मी ते पाणी प्यायले. त्या रात्री सगळ्यांना वाटलं, म्हातारीने पोराला राखलं. मलाही वाटलं. दोन वर्षं तू त्या वाफेकडे बघत बसलास, आणि मी रोज तुला बघत होते, आणि तरी एकदाही म्हटलं नाही की जा बाबा, मी खोटं रडले होते. खोटं नव्हतंच ते, म्हणून म्हणता आलं नाही.

म्हणून आज शिंपीणबाईपुढे येऊन बसले, आणि हे पत्र तुझ्या बापाच्या हाती पडायच्या आधी ती स्वतः टपालात टाकणार आहे. तिला तशी शपथ घातलीय. मला तुला एकदा बघायचंय, आणि मला तिथवर न्यायला माणसं लागतात, माझे गुडघे काही माझं ऐकत नाहीत. त्यांनी विचारलं रडशील का, मी हो म्हटलं. आधी वाटलं होतं, नाटकच आहे, करू. पण आता दुपारी नुसती ती रांग डोळ्यांपुढे आली तरी पदर ओला होतो, म्हणजे त्या सकाळी ते खरंच असणार. घरी चल असंही म्हणेन, आणि मनापासून म्हणेन, कारण मला तू घरी हवाच आहेस. ते सगळं खरं असेल, बाळा, आणि तरी तू थांबू नकोस. भात घे, जे काय म्हणता तुम्ही ते म्हण, आणि पुढच्या माणसापाशी जा. पाणी आणायला धावू नकोस. तुझ्या बापाची काळजी करू नकोस, तो माझा मुलगा आहे, त्याला मी सांभाळीन, तिनातले दोन हंडे विकू आणि उरलेल्या एकाशी भांडत बसू. या पत्राला उत्तर पाठवू नकोस, ते त्याच्या हाती लागेल. तुझं उत्तर मला त्या रस्त्यावरच मिळू दे. तू माझ्यासमोरून न थांबता गेलास, एवढंच बघायला ही म्हातारी नदी ओलांडून येतेय.

तुझीच, रडले तरी तुझीच,
आजी